निद्रेची रुजुवात

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘मोजमाप’ हा विषय मुक्रर केला आणि ज्या वस्तूच्या मापाविषयी आजवर कोणी फारशी विचारपूस केली नसेल अशी एखादी वस्तू प्रत्येकाने निवडावी, अशी सूचनाही पत्रासोबत धाडली. जमीन, धान्य, पर्जन्य, रक्तदाब, बुद्धी आणि मतदारांचा कल यांची मोजणी करणारी खाती व यंत्रे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. परंतु ज्या अवस्थेत मनुष्य आयुष्याचा सुमारे तृतीयांश घालवितो आणि जिच्याविषयी साक्ष देण्यास तो स्वतःच सर्वांत अपात्र असतो, त्या निद्रेचे माप कोण घेते आणि कशाने घेते, हे पाहावे असे माझ्या मनाने घेतले. चौकशीस आरंभ करताच ध्यानात आले की, या मोजणीसाठी आपल्याकडे वरचेवर हाताशी धरली जाते ती मंडळी म्हणजे वैद्यकीय, दंतवैद्यकीय, परिचर्या आणि भौतिकोपचार महाविद्यालयांतील विद्यार्थी होत.

याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यास प्रबंध लिहावा लागतो. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अल्पमुदतीच्या शिष्यवृत्तीसाठी दोनेक महिन्यांत उरकेल असा विषय हवा असतो. आणि निद्रेच्या प्रश्नावलीस प्रयोगशाळा लागत नाही, रक्ताचा थेंब लागत नाही, पैसाही लागत नाही. ज्यांस प्रश्न विचारावयाचे ते लोक शेजारच्याच वसतिगृहात असतात. इतकी सोयीस्कर वस्तू संशोधनाच्या बाजारात क्वचितच मिळते, आणि सोयीच्या वस्तूकडे थोडे संशयाने पाहावे, एवढा माझा स्वभाव आहेच.

एकोणीस प्रश्नांची जबानी

पश्चिम महाराष्ट्रातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र विभागात, ज्यास विद्यार्थी केवळ ‘पीएसएम’ म्हणतात, मला अशी एक मोजणी चाललेली पाहावयास मिळाली. मोजणी करणारी मुलगी स्वतः तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी होती. तिने प्रश्नावलीचा दुवा प्रत्येक बॅचच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला होता आणि शिवाय छापील कागदांचा गठ्ठा घेऊन ती मेसच्या दाराशी उभी राहत होती. “सर, नुसती लिंक टाकली तर कोणी भरत नाही,” ती म्हणाली, “ताटासमोर जाऊन उभं राहिलं की भरतात.”

तिच्या हातातील कागद १९८९ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या मनोविकारतज्ज्ञांनी तयार केलेला आहे. शांत झोपणारे निरोगी लोक, विषण्णतेने ग्रस्त असलेले रोगी आणि निद्राविकारांचे रोगी असे एकंदर १४८ इसम घेऊन त्यांनी ही प्रश्नावली कसास लावली आणि त्यानंतर ती जगभर इतकी पसरली की, निद्रेचा दर्जा म्हणजे पिट्सबर्गचा आकडा असे समीकरणच होऊन बसले. मागील एका महिन्यासंबंधी एकोणीस प्रश्न विचारावयाचे, त्यांची उत्तरे सात घटकांत गोळा करावयाची, प्रत्येक घटकास शून्यापासून तीनपर्यंत गुण द्यावयाचे आणि एकवीसपैकी बेरीज पाचाच्या वर गेली की त्या मनुष्याची निद्रा निकृष्ट समजावयाची, असा हा शिरस्ता आहे. येथे गुण जितके अधिक तितकी अवस्था वाईट. परीक्षेतील गुणांची जन्मभर सवय झालेल्या मुलांचा इथे हटकून घोटाळा होतो आणि एकवीसपैकी बारा मिळाल्याचा आनंद एकाने माझ्यादेखत व्यक्त केला.

पहिले चारही प्रश्न साधे आहेत. आपण सामान्यतः किती वाजता अंथरुणाला पाठ टेकता, झोप लागण्यास किती मिनिटे लागतात, सकाळी सामान्यतः किती वाजता उठता आणि प्रत्यक्ष झोप किती तास होते. दिनक्रम ज्याच्या स्वाधीन आहे त्याला हे प्रश्न अर्ध्या मिनिटात सोडविता येतील; परंतु मेसमध्ये माझ्यासमोर बसलेल्या एका इंटर्न मुलीचे पेन पहिल्याच प्रश्नावर अडले. “मेडिसिनला होते तेव्हाचं लिहू की आता पीएसएमच्या पोस्टिंगचं?” तिने विचारले. महिन्याचा पूर्वार्ध तिने अशा विभागात काढला होता की जेथे एक रात्र जागून दुसऱ्या रात्री अकरा तास झोपणे हाच नेम होता आणि उत्तरार्धात ती ग्रामीण आरोग्य केंद्रात दहा वाजता दिवा मालवीत होती. तिने काही क्षण विचार करून मधला आकडा लिहिला. त्या महिन्यातील एकाही रात्री ती त्या वेळेला झोपलेली नव्हती. पण प्रबंधाच्या कोष्टकात तो आकडा आता तिची झोप म्हणून कायम राहील.

प्रश्नावलीचा पाचवा प्रश्न मात्र मला फार आवडला. झोपमोड कशाने होते, असे विचारून खोकला, घोरणे, थंडी, उकाडा, दुःस्वप्न, वेदना इत्यादी कारणांची यादी त्यात दिलेली असते आणि शेवटी ‘अन्य कारणे’ म्हणून एक रिकामी ओळ सोडलेली असते. त्या ओळीत विद्यार्थ्यांनी स्वहस्ते लिहिलेला मजकूर, नावे झाकून, मी चाळला. ढेकूण. खोलीसोबत्याचे पाच अलार्म. रात्री बारा वाजता शेजारच्या खोलीत साजरा होणारा वाढदिवस. वॉर्डातून सिस्टरचा फोन. पंखा बंद. परीक्षा. एकाने फक्त ‘घर’ एवढेच लिहिले होते. या ओळीस गुण देण्याची तरतूद आहे ती ‘आठवड्यातून किती वेळा’ एवढ्यापुरतीच. काय लिहिले आहे यास गुण नाहीत, आणि म्हणून बहुतेक प्रबंधांत ही ओळ बेरजेत विरघळून जाते. वसतिगृहाच्या रेक्टरांनी तेवढी एकच ओळ वाचली तरी औषधफवारणी, विजेची दुरुस्ती आणि मध्यरात्रीच्या केकवर बंदी ही तीन कामे त्यांस लगोलग काढता येतील.

बेरजेतील न्याय

परंतु माझे कुतूहल अधिक चाळविले ते बेरजेने. त्या विद्यार्थिनीच्या मार्गदर्शकांनी मला गुणदानाची रीत समजावून दिली आणि मग आम्ही दोघांनी कागदावर दोन मनुष्ये उभी केली.

पहिला मनुष्य पदव्युत्तर शल्यचिकित्सेच्या पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, ज्यास मुंबई-पुण्याकडे अजूनही ‘हाऊसमन’ म्हणतात. तो रात्री दीड वाजता अंग टाकतो आणि सहाला उठतो. पडल्यावर दोन मिनिटांत त्याला झोप लागते, सबब झोप लागण्याच्या विलंबाचे गुण शून्य. जितका वेळ अंथरुणात तितका वेळ झोपेत, सबब निद्रेच्या कार्यक्षमतेचेही शून्य. किंबहुना त्याची कार्यक्षमता जवळजवळ शंभर टक्के भरते. झोपेची गोळी तो घेत नाही, शून्य. झोप कशी लागते असे विचारता तो ‘उत्तम’ म्हणतो, कारण जेवढी मिळते तेवढी ती खरोखरच दगडासारखी लागते; तेथेही शून्य. मधूनमधून फोन वाजतो, त्याचा एक गुण. कालावधी पाच तासांच्या आत, म्हणून तेथे पूर्ण तीन. शेवटचा घटक दिवसा येणाऱ्या ग्लानीचा; पण तो प्रश्न वाहन चालविताना, जेवताना किंवा चारचौघांत मिसळताना डोळे मिटतात काय असा आहे, आणि या गृहस्थाजवळ वाहन नाही, जेवण तो उभ्याने उरकतो व चारचौघांत मिसळण्याचा प्रसंग त्यास महिनोन्‌महिने येत नाही; तेव्हा फार तर एक गुण. बेरीज पाच. पाचापर्यंत निद्रा चांगली, अशी व्यवस्था असल्यामुळे हा मनुष्य सुखाने झोपणाऱ्यांच्या रकान्यात जाऊन बसतो.

दुसरी व्यक्ती पहिल्या वर्षाची, गावाहून नुकतीच आलेली मुलगी. ती साडेदहाला पडते आणि साडेसातला उठते. रोज तास-सव्वा तास तिला झोप लागत नाही. तेथे तीन गुण. नऊ तास अंथरुणात आणि साडेसात तास झोपेत, म्हणून कार्यक्षमतेचा एक गुण. झोप बरी नाही असे ती प्रामाणिकपणे सांगते, त्याचे दोन. झोपमोडीचा एक, दिवसाच्या मरगळीचा एक. कालावधी सात तासांच्या वर असल्याने तेथे शून्य. बेरीज आठ, सबब निद्रा निकृष्ट.

या मुलीस काही त्रास नाही असे मी म्हणत नाही. तिला तो आहे आणि त्याची दखल घेतलीच पाहिजे. प्रश्नावली तयार करणाऱ्यांपुढे नेमकी तिच्यासारखीच माणसे होती. झोपेसाठी वेळ आहे पण झोप येत नाही, अशा मनुष्याचे दुखणे पकडण्याकरिता त्यांनी ही चाळणी विणली. झोप येते पण झोपेसाठी वेळच दिला जात नाही, असा मनुष्य त्या चाळणीतून सहज खाली उतरतो. आणि आपल्या रुग्णालयांत रात्री दोन वाजता शिरेत सुई घालणारा मनुष्य बहुधा तोच असतो.

एक गोष्ट आणखी. प्रश्नावलीच्या शेवटी पाच प्रश्न खोलीसोबत्यास किंवा शय्यासोबत्यास विचारण्यासाठी दिलेले आहेत: हा मनुष्य मोठ्याने घोरतो काय, श्वास मध्येच थांबतो काय, पाय झाडतो काय, झोपेत भांबावल्यासारखा करतो काय, इत्यादी. मूळच्या योजनेतच त्यांस गुण नाहीत आणि मी पाहिलेल्या ऑनलाइन नमुन्यात तर ते गाळूनच टाकले होते. जेथे दोन-तीन मुले वर्षानुवर्षे एका खोलीत निजतात तेथे असा साक्षीदार फुकट उपलब्ध असतो. त्याची साक्ष न काढता आरोपीच्याच जबानीवर निकाल देण्याची ही घाई मला अनाकलनीय वाटली.

तारांची रात्र

मनुष्याला न विचारता त्याची झोप मोजता येते काय, हे पाहण्यासाठी मी पुण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या निद्रा-प्रयोगशाळेत एक संध्याकाळ बसून काढली. तंत्रज्ञ टाळूवर मोजपट्टीने खुणा करून चिकट लेप लावीत होता आणि त्यावर तारा बसवीत होता. डोळ्यांच्या कडेला दोन, हनुवटीवर, छातीवर, पायांवर, नाकाखाली श्वासाचा प्रवाह टिपणारी नळी आणि बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा. रात्रभर या तारांतून येणाऱ्या लहरी संगणक साठवितो आणि सकाळी त्यांचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यास निद्रेची पायरी नेमून दिली जाते. आठ तासांच्या रात्रीचे नऊशे साठ तुकडे होतात. शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींची नोंद प्रसिद्ध केली तेव्हापासून निद्रा ही एकसंध अवस्था नाही हे ठाऊक झाले होते. १९६८ मध्ये रेख्टशाफेन आणि केल्स यांनी या तुकड्यांची प्रतवारी करण्याचे नियम लिहून काढल्यावर एका देशातील रात्र दुसऱ्या देशातील रात्रीशी ताडून पाहणे शक्य झाले.

या पद्धतीची सत्यता निर्विवाद आहे. परंतु अंगावर एवढा सरंजाम चढविलेला मनुष्य पहिल्या रात्री नेहमीसारखा झोपत नाही, हे प्रयोगशाळावाल्यांनाही मान्य आहे आणि दोनशे विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक रात्र इथे आणून निजविणे कोणत्याही महाविद्यालयाच्या ऐपतीबाहेरचे आहे. म्हणून मधला मार्ग मनगटावरच्या यंत्राचा. ते हालचाल टिपते आणि हालचाल नाही म्हणजे झोप असे धरते. त्यामुळे व्याख्यानात निश्चल बसलेल्या विद्यार्थ्यालाही ते कधी निद्रिस्त ठरविते, आणि तो निष्कर्ष दर वेळी चूकच असतो असेही नाही. त्याचा मोठा गुण असा की, ते ‘सामान्यतः’ असे विचारीत नाही. पंधरा दिवस बांधले तर पंधरा रात्री जशा होत्या तशा लिहून देते, आणि त्या इंटर्न मुलीची जागरणाची रात्र व अकरा तासांची रात्र तेथे वेगवेगळी दिसली असती.

मनुष्याची स्वतःविषयीची साक्ष किती घसरते, याचा एक दाखला येथे दिलाच पाहिजे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ४८ निरोगी लोकांवर केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील काहींस सलग चौदा रात्री चार किंवा सहाच तास निजू दिले आणि दिवसा पडद्यावर खूण दिसताच कळ दाबावयाची अशी सावधानतेची चाचणी घेतली. दिवसागणिक त्यांच्या चुका वाढत गेल्या आणि अखेरीस एक-दोन रात्री अखंड जागलेल्या मनुष्याइतक्या झाल्या. परंतु आपणांस किती झोप येते आहे असे विचारले असता ते जे सांगत, ते आरंभीच्या काही दिवसांनंतर फारसे वाढलेच नाही. शरीराची थकबाकी चढत होती आणि खातेदारास तिचा पत्ता नव्हता. ‘मला सवय झाली आहे’ हे वाक्य जेव्हा जेव्हा निवासी डॉक्टरांच्या तोंडून ऐकले, आणि ते मी पुष्कळांच्या तोंडून ऐकले, तेव्हा तेव्हा मला या प्रयोगाची आठवण झाली.

हजेरीपत्रक

तेव्हा झोप मोजावयाची तर आधी जागरण मोजले पाहिजे, आणि जागरणाचे दप्तर विद्यार्थ्याच्या उशाशी नसते, विभागाच्या फळ्यावर असते.

मोठ्या रुग्णालयातील प्रत्येक युनिटचा आठवड्यातून एक ‘इमर्जन्सी’चा दिवस असतो. त्या दिवशी सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत येणारे सर्व तातडीचे रोगी त्या युनिटकडे जातात. कागदोपत्री चोवीस तासांनी पाळी संपते. प्रत्यक्षात दुसऱ्या सकाळी त्याच रोग्यांची फेरी असते, फेरीत सांगितलेल्या तपासण्या असतात, रक्तपेढीचे कागद असतात, आणि शस्त्रक्रियेची यादी असल्यास तीही असते. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोचविणे आणि अहवाल हाताने घेऊन येणे ही कामे वास्तविक शिपायाची; पण ती जागा रिक्त असेल तर ते काम कनिष्ठतम डॉक्टरावर येऊन पडते. एका हाऊसमनने मला सांगितले, “सर, पेशंटमुळे जागरण होतं त्याचं काही वाटत नाही. रिपोर्टसाठी जिने चढण्यात जी रात्र जाते ना, तिचा राग येतो.” परिचर्येच्या विद्यार्थिनींची अवस्था वेगळी आहे, त्यांची रात्रपाळी नियमित असते, परंतु पाळी संपवून वसतिगृहात परतावे तो दिवसाचा गलबला सुरू झालेला असतो, आणि खिडकीस पडदा लावणे एवढीच तजवीज त्यांच्या हाती उरते.

नियम नाहीत असे मुळीच नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी योजनेत एका दमात बारा तासांहून अधिक काम सामान्यतः असू नये आणि कनिष्ठ निवासी डॉक्टरांचा आठवडा साधारणपणे अठ्ठेचाळीस तासांचा असावा, असे लिहिलेले आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिगटाने २०२४ साली दिलेल्या अहवालात हीच मर्यादा चौऱ्याहत्तर तास सुचविली गेली आणि आठवड्यास एक सुट्टी व सात ते आठ तासांची झोप यांची शिफारस झाली. बत्तीस वर्षांत अठ्ठेचाळीसचे चौऱ्याहत्तर झाले, यावरून प्रत्यक्ष फळ्यावर काय असेल याचा अंदाज वाचकांनी करावा. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल केल्यापासून काही तासांतच मरण पावली आणि तिच्या पत्रकार पित्याने डॉक्टरांच्या अखंड पाळ्यांचा प्रश्न चव्हाट्यावर आणला, तेव्हा कुठे १९८९ मध्ये त्या राज्याने आठवड्यास ऐंशी तासांची मर्यादा घातली. पुढे २००४ साली बोस्टनच्या एका रुग्णालयातील अतिदक्षता विभागात असे आढळले की, चोवीस तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या इंटर्नांकडून, त्या पाळ्या वगळलेल्या वेळापत्रकाच्या तुलनेत, ३६ टक्के अधिक गंभीर चुका घडत होत्या.

ज्येष्ठ शल्यचिकित्सकांची बाजूही मी ऐकून घेतली आणि ती निराधार नाही. रोगी एका हातातून दुसऱ्या हातात गेला की माहिती गळते. तेच डोळे रात्रभर पाहत असतील तर रोगाची चाल कळते. अमेरिकेतच २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पाळ्यांचे निर्बंध सैल केल्याने शस्त्रक्रियेच्या रोग्यांचे अधिक नुकसान झाल्याचे दिसले नाही. मात्र तेथे सैल केलेले निर्बंधही आठवड्याच्या ऐंशी तासांच्या आतलेच होते, ही गोष्ट आपल्याकडे तो दाखला देताना सहसा गाळली जाते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखविले की, सतरा तास अखंड जागलेल्या मनुष्याचे हस्तकौशल्य शंभर मिलिलीटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम मद्य असलेल्या मनुष्याइतके उतरते. आपल्या मोटार वाहन कायद्याने तीस मिलिग्रॅमच्या वर गाडी चालविण्यास मनाई आहे. गाडीच्या चाकासाठी जी सावधता कायद्याने सक्तीची केली, ती चिमट्यासाठी आणि सुरीसाठी वैकल्पिक ठेवण्याचे समर्थन मला तरी कोणाकडून ऐकावयास मिळाले नाही.

याच राज्यातील आयुर्वेद महाविद्यालयांत वाग्भटाचे अष्टांगहृदय पाठ्यग्रंथ म्हणून शिकविले जाते. त्याच्या सूत्रस्थानात, ज्यास जागरणाची सवय नाही अशाने रात्री जितका वेळ जागरण घडले त्याच्या निम्मा वेळ सकाळी, जेवणापूर्वी, निजून घ्यावे असे सांगितले आहे. ते विद्यार्थी हा श्लोक परीक्षेसाठी मुखोद्गत करतात आणि रात्रपाळीनंतर सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात हजर होतात.

माझे म्हणणे एवढेच आहे. निद्रेची प्रश्नावली टाकाऊ नाही. पण ती एकटी पाठविली की विद्यार्थ्याच्या सवयींवर ठपका ठेवून परत येते आणि मग प्रबंधाच्या शेवटी ‘विद्यार्थ्यांचे समुपदेशन करावे, भ्रमणध्वनीचा वापर कमी करावा’ अशी शिफारस छापली जाते, ज्यासाठी कोणालाही आपल्या विभागाचा फळा बदलावा लागत नाही. म्हणून महाविद्यालयांच्या नीतिसमित्यांना आणि मार्गदर्शकांना माझी अशी विनंती आहे की, आरोग्यशाखेच्या विद्यार्थ्यांची झोप मोजण्याचा जो जो प्रस्ताव त्यांच्यापुढे येईल त्यास त्या महिन्यातील प्रत्यक्ष कामाच्या तासांचे हजेरीपत्रक जोडण्याची अट घालावी, विभागप्रमुखाची त्यावर सही घ्यावी, आणि तसे पत्रक जोडलेले नसेल तर तो प्रस्ताव दाखल करून घेऊ नये.